षटकोनाचा चोविसावा तुकडा

"मॅडम, आन्सर कीमध्ये पंचवीस हाय. चोवीसला शून्य द्या अन् पुढचा गठ्ठा घ्या," मॉडरेटर सर म्हणाले.

सेलूच्या एका शाळेत आम्ही आठ गणित शिक्षक प्रज्ञा परीक्षेचे पेपर तपासत होतो. प्रश्न असा होता: सुसम षटकोनाचे, म्हणजे सहाही बाजू आणि कोन सारखे असलेल्या आकृतीचे, सगळे कर्ण काढले तर आत किती तुकडे पडतात? कर्ण म्हणजे शेजारी नसलेले दोन कोपरे जोडणारी रेघ. माझ्या हातातल्या पेपरात कुणीतरी आकृती काढून तुकड्यातुकड्यात आकडा लिहिला होता. शेवटचा आकडा चोवीस. मीही मोजले. चोवीसच.

सरांनी मला पंचवीस उत्तर देणारं सूत्र दाखवलं. ते मलाही पाठ होतं. पण ते वेड्यावाकड्या षटकोनाचं. त्यात तीन मोठे कर्ण मधोमध एक बारका त्रिकोण करतात. सुसम षटकोनात तिन्ही कर्ण एकाच बिंदूतून जातात, त्रिकोण उरतच नाही. एक तुकडा कमी.

"तुमी उगं वाद घालायलात. की वरून आलीय."

मी फळ्यावर आकृती काढून दाखवली. हातानं काढलेल्या आकृतीचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. मग खडू आणि फळ्याचा कंपास त्यांच्याच हातात दिला. त्यांनी नीट काढलं, दोनदा मोजलं, आणि चोवीसला थांबले.

मला वाटलं, मिटलं. त्यांनी फळा पुसला. तुमचं बरोबर असेल, पण की बदलायची पॉवर आपल्याला नाही, म्हणाले.

मार्कलिस्टवर माझी सही हवी होती. परभणीच्या गणित शिबिराला कोणती मुलं जाणार, ते अशा दोन-दोन मार्कांवरच ठरायचं.

"बरोबर उत्तराला शून्य देऊन मी सही करणार नाही. तसं लिहून देते, वर पाठवा."

"पुन्हा बोलावणार न्हाईत तुमाला, मॅडम."

"नका बोलावू."

आकृतीसकट पानभर लिहून दिलं. पाथरीचे एक वयस्कर सर उठले, माझ्या सहीखाली त्यांनी सही केली. मग आणखी तिघांनी. दुपारी वरून फोन आला: चोवीस धरा. बांधलेले गठ्ठे पुन्हा सोडले.

पंचवीसवाल्यांचे मार्क अर्थातच गेले. निकालानंतर कळलं, त्यात माझ्याच वर्गातली दोन मुलं होती. ते सूत्र त्यांना मीच शिकवलं होतं.

पुढच्या वर्षी तपासणीचं बोलावणं आलं नाही. वर्गात आता मी आधी आकृती काढून मोजायला लावते. सूत्र नंतर.