उत्तरेकडचा गोल

२६ फेब्रुवारी २००६ रोजी राजूरच्या न्यू आझाद फुटबॉल क्लबाला उपविजेतेपदाचे तीन हजार एक रुपये मिळाले. मैदान घरचं, मांडव घरचा, आणि कप गेला नेरच्या संघाकडे. सचिव वामनरावांनी पाकीट घेतलं तेव्हा टाळ्या वाजवायला मांडवात मोजकीच माणसं उरली होती. तशीही गर्दी त्या साली कमीच होती. कापसाचा पैसा लोकांच्या हाती आला नव्हता, आणि दरवर्षी जर्सी देणाऱ्या वणीच्या जिनिंगवाल्याने संक्रांतीलाच हात वर केले होते. मुलं मागच्या सालच्या विटक्या जर्सीत खेळली.

धर्मपाल नगराळे मांडवात नव्हता. तो उत्तरेकडच्या गोलसमोर उकिडवा बसला होता आणि जमिनीला तळवा लावून पाहत होता.

धर्मपालने आयुष्यात बॉलला पाय लावला नव्हता. लहानपणी चुनाभट्टीवर खेळताना त्याचा डावा पाय चुना विझवायच्या टाक्यात गेला, तेव्हापासून त्या पायात बूट चढला नाही. पुढे त्याच भट्टीवर तो पोती भरायला लागला आणि तिथेच त्याची पन्नाशी उलटली. पण क्लबाच्या मैदानावरची प्रत्येक पांढरी रेघ त्याच्या हातची. मॅचच्या दिवशी तो पहाटे दोरी ताणायचा, डब्यातून चुना सोडत मागे मागे सरकायचा, आणि शेवटी कमरेवर हात ठेवून आपलीच रेघ न्याहाळायचा. बाहेरगावचे संघ म्हणायचे, मैदान आखावं तर राजूरवाल्यांनीच.

क्लबाचा पहिला गोलकीपर म्हणजे त्याचा मोठा भाऊ रवी. तो खाणीत कामाला होता. छत कोसळून गेला तेव्हा त्याचा राजदीप रांगत होता. धर्मपालला आणि तुळसाबाईला मूल नव्हतं, त्यांनी राजदीपला वाढवलं. आता बापाच्या जागी राजदीप उभा राहत होता. पुढच्या मोसमात जिल्ह्याच्या संघात त्याची निवड झाली तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेसाठी त्याला अर्ज करता येणार होता. वय निघून चाललं होतं. त्या घरातली सगळी आशा एवढ्या एका गोष्टीवर होती.

खाणीत काम करणाऱ्यांची एक रीत आहे. खाली उतरण्याआधी छताचं नाव घ्यायचं नाही. "वरचं कसं आहे?" एवढंच विचारायचं. हीच रीत राजूरच्या लोकांनी मैदानाला लावली होती. मैदानाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागाखाली फार जुनी, बंद पडलेली खाण होती. बंद करताना आतले, छत तोलणारे कोळशाचे खांबसुद्धा काढून नेले होते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दर पावसाळ्यानंतर उत्तरेकडच्या गोलसमोर जमीन थोडी खाली बसायची आणि क्लबवाले ती भट्टीच्या राखेने भरून काढायचे. त्याला खड्डा कोणी म्हणत नसे. म्हणायचे, उतार. उताराचा फायदाही होता. बॉल आपोआप उत्तरेकडे धावायचा. टॉस जिंकला की राजूरचा कप्तान दुसऱ्या हाफमध्ये उत्तरेकडे चढाई घ्यायचा, आणि पाहुणे दमलेले असताना दोन गोल ठरलेले.

फायनलचा टॉस नेरने जिंकला. दुसऱ्या हाफमध्ये उत्तरेकडच्या गोलमध्ये राजदीप उभा होता. शेवटच्या मिनिटांत एक साधा, सरपटता शॉट आला. राजदीप गुडघ्यावर बसला, हात पुढे केले, आणि त्याच्या पुढ्यात पडलेला बॉल सशासारखा उसळून त्याच्या खांद्यावरून जाळीत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लालसिंगच्या हॉटेलात बैठक बसली. हॉटेल कसलं, टिनाचं छप्पर आणि दोन बाकं, पण मैदानाच्या दक्षिण टोकाला असल्याने क्लबाचं खरं ऑफिस तेच. लालसिंग तांड्यावरचा. त्याचा मुलगा बबलू ट्रॅक्टर चालवायचा आणि क्लबाचा सगळ्यात तिखट तोंडाचा चाहता होता.

"पुढच्या साली कप आपलाच," वामनराव म्हणाले. ते खाणीच्या ऑफिसातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि दर साली हेच म्हणायचे. "हाफ लाइन मजबूत आहे. फॉरवर्डले एक पोट्टा पाहून ठेवला आहे."

"पोट्टा पाह्यला म्हणते! सोयरीक करून राह्यले काय वामनराव?" बबलू म्हणाला. "आधी कीपर बदला. फॉरवर्ड कोणताही आणा, मांगचं दार उघडंच हाय."

"एका गोलवरून माणूस मापत नाही बे," लालसिंगने चहा गाळता गाळता मुलाला दटावलं. "चार मॅचा वाचवल्या त्यानं."

"अन् पाचवी विकली काय? तसा बॉल माही आजी धरते, बाबा. माही बायको पुष्पा बी धरते."

"तुही बायको धरंल, तुले तरी कोठी धरता येते तिले," कोणीतरी मागून म्हणालं आणि बाकं हसली.

"हसा, हसा! कापसाले भाव नाही, आता क्लबाले बी नका ठेवू. रवीभाऊचं नाव हाय म्हणून पोट्ट्याले किती दिवस उभा करसान?"

धर्मपाल कोपऱ्यात बशी धरून बसला होता. भावाचं नाव निघालं तशी त्याने बशी खाली ठेवली.

"त्याच्या हाताची चूक नोयती," तो म्हणाला. "उसळी काहून आली, मले माहीत हाय. म्या हात लावून पाह्यला. तिथं जमीन—"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. दुसऱ्या बाकावर बाबुलाल बसला होता. तो चालू खाणीच्या सर्व्हे खात्यातला माणूस. क्लबाचा तोही जुना चाहता. पण जमीन बसते आहे असं कानावर आलं असतं तर त्याला तसं वर कळवावं लागलं असतं, आणि मैदानाला तारेचं कुंपण पडलं असतं. म्हणून इतकी वर्षं त्याने ऐकलं नव्हतं. आताही तो उठून बिडी पेटवायला बाहेर गेला, पैसेसुद्धा न देता.

"धर्मपालले ऊन लागलं काल," वामनराव घाईने म्हणाले. "लालसिंग, त्याले पाणी दे."

धर्मपाल घरी आल्यावर तुळसाबाईने त्याचं तोंड पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं. राजदीप अंगणात हातमोजे शिवत बसला होता.

"काका, तुम्ही बोलले म्हणते हॉटेलात."

"तुले शिव्या देऊन राह्यले होते."

"देऊ द्या न. मैदान बंद झालं तं मी कोठी खेळू? एक साल, काका. एकच साल गप राहा."

धर्मपालने मान डोलावली. मग राजदीपच दोऱ्याकडे पाहत म्हणाला, "दुसऱ्या हाफमधी पायाखाली गरम लागे. बुटातून."

"मले बी लागलं हाताले," धर्मपाल म्हणाला.

भीमजयंती झाली आणि वामनरावांनी श्रमदान ठरवलं. पुढच्या सालचा कप आणायचा तर मैदान आधी पक्कं करू, म्हणाले. उत्साह असा की हरल्याचं दुःख कुणाला आठवेना. मात्र उत्तरेकडे या खेपेला राख पुरेना. टाकावी तेवढी मुकाट्याने खाली बसायची. तिसऱ्या दिवशी बबलूने ट्रॉलीतून कोळशाची चुरी आणली. जुन्या ढिगाऱ्यावर ती फुकट पडलेली होती. काळीभोर, दाबली की डांबरासारखी घट्ट.

"बबलू, हे नको टाकू," धर्मपाल म्हणाला. "हे जळते."

"हवाच नाही लागली तं कायले जळते, धरमभाऊ? वरून रोलर फिरवू न."

"वरून नाही. खालून लागते हवा."

'खालून' म्हटल्याबरोबर वामनराव खोकले. "काम करा रे, काम करा," ते म्हणाले, आणि ट्रॉली उलटली. मग ग्रामपंचायतीचा दगडी रोलर आणला. पंधरा-वीस जण दोराला लागले. पुढच्या साली कोण कितवा गोल मारणार याच्या पैजा लावत त्यांनी उत्तरेकडची जमीन अशी दाबली की तीवर भाकर थापावी. दमल्यावर रोलर तिथेच गोलसमोर सोडला आणि सगळे चहाला गेले. धर्मपालनेही दोर ओढला होता. गप राहायचं कबूल केलं होतं, तर कामात तरी कमी पडू नये असं त्याला वाटलं.

पावसाळ्यात सगळ्या मैदानावर गवत आलं, उत्तरेकडे आलं नाही. सर थांबली की तिथली जमीन लगेच कोरडी व्हायची. गावातली कुत्री ओल्या रात्री तिथे येऊन निजायला लागली, रोलरला पाठ लावून. बबलू म्हणायचा, कुत्र्यांनाही आपलं मैदान आवडतं. सप्टेंबरच्या शेवटी कुत्र्यांनी तिथे निजणं सोडलं. ती आता लालसिंगच्या बाकांखाली निजत होती. धर्मपालने ते पाहिलं, आणि हॉटेलातल्या इतरांनीही पाहिलं असणार, पण चर्चा चालली होती ती उमरखेडहून येणाऱ्या नव्या फॉरवर्डची.

त्या दसऱ्याला धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती. राजूरहून गाड्या भरून लोक नागपूरला गेले. धर्मपाल आणि तुळसाबाईही गेली. राजदीप प्रॅक्टिससाठी मागे राहिला. दोघं परत आली तेव्हा सकाळ होती. बसमधून उतरून मैदानाच्या कडेने घराकडे चालताना धर्मपाल थबकला.

"काय झालं?" तुळसाबाईने विचारलं.

"रोलर कोठी हाय?"

गोलचे खांब होते. खांबांच्या पुढ्यात जिथे रोलर असायचा तिथे बैलगाडी मावेल एवढं काळं तोंड उघडलं होतं, आणि त्यातून बारीक धूर निघत होता, चुलीत ओलं लाकूड सारल्यावर निघतो तसा. काठावर कोणीतरी पोटावर आडवं पडून आत वाकून पाहत होतं. अंगात क्लबाची विटकी जर्सी होती.

तुळसाबाईने हातातली पिशवी टाकली. धर्मपालने तिचं मनगट धरलं, तिला धावू दिलं नाही. स्वतः उभ्या जागेवरून, अजिबात न ओरडता, रोज जेवायला बोलवावं तशा आवाजात म्हणाला, "राजदीप, उठू नको. सरपटत मांगं ये."

राजदीपने मान वळवली. "काका, खाली पाणी नाही," तो म्हणाला. "लाल दिसून राह्यलं."

"ये बाप्पा. हळू ये."

तो सरपटत मागे आला. त्याची छाती काठावरून मागे सरकताच तिथला एक तुकडा आत गेला. पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

तासाभरात सगळा क्लब जमला. आता तरी कोणीतरी खड्डा म्हणेल असं धर्मपालला वाटलं. वामनरावांनी चष्मा पुसला, आत डोकावण्यासारखं केलं आणि म्हणाले, "बाबुलालची ड्युटी कधी सुटते? त्याच्याआधी वरून टिन टाका, माती टाका. अन् गोलपोस्ट दहा पावलं पुढं घेऊ."

"मैदान लहान होईल," कोणी म्हणालं.

"होऊ द्या. आपली फॉरवर्ड लाइन छोट्या पासची हाय," बबलू म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण बोलला तो हेच. "उलट फायदा हाय."

आणि मग राजदीप बोलला. "दहा पावलं पुढं घेतलं तं चालते, काका. मी उभा राहीन."

धर्मपालने त्याच्याकडे पाहिलं. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, जर्सीवर काळी माती, आणि चेहऱ्यावर रवीचं ते हट्टी हसू. रवीही शेवटच्या दिवशी असंच 'वरचं बरं आहे' म्हणून गेला होता.

धर्मपाल भट्टीवर गेला. क्लबाच्या नावावर चुन्याचं एक पोतं मागितलं, सायकलवर टाकून आणलं. दोरी ताणली. लोकांना वाटलं, नव्या जागी गोलची रेघ मारतो आहे, आणि बबलूने दोरीचं टोकही धरून दिलं. पण धर्मपालने दोरी पुढे, आणखी पुढे नेली, थेट मैदानाच्या मध्यावर. या काठापासून त्या काठापर्यंत त्याने एकच रेघ मारली, वीतभर रुंद, पोतं रिकामं होईपर्यंत. मग उत्तरेकडच्या अर्ध्या भागावर, रेघेच्या पलीकडे, त्याने फुलीवर फुली मारत नेली. खाणीत बंद गॅलरीच्या, म्हणजे बोगद्याच्या, तोंडावर मारतात तशी फुली. त्या गावात तिचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

"धर्मपाल, काय करून राह्यला तू?" वामनराव ओरडले. "पुसा रे ते!"

कोणी पुसलं नाही. पुसायचं तर रेघेपलीकडे पाय टाकावा लागला असता.

दुपारी बाबुलाल लुनावरून आला. इतकी वर्षं त्याने ऐकलं नव्हतं, पण फुल्या रस्त्यावरून दिसत होत्या. तो बराच वेळ गाडीवर बसून राहिला, मग ऑफिसच्या दिशेने परत गेला. त्याच आठवड्यात कुंपण पडलं.

न्यू आझाद क्लबाने त्या साली एकाही स्पर्धेत नाव दिलं नाही. राजदीपची निवड झाली नाही. तो आता चंद्रपूरकडे एका गोदामावर रखवालदार आहे. सणाला येतो तेव्हा काकूशी बोलतो, काकाच्या ताटाशेजारी बसून जेवतो, पण काकाशी बोलत नाही. लालसिंगच्या हॉटेलात पुढच्या मोसमाची चर्चा रोज होते. वामनरावांनी आणखी एक पोट्टा पाहून ठेवला आहे. धर्मपाल आला की बाकावरची माणसं सरकून जागा देतात आणि बोलणं थांबवतात. धूर कुंपणाच्या आतच आहे, असं सगळे म्हणतात. थंडीत लालसिंगने दोन्ही बाकं उचलून रस्त्याच्या पलीकडे नेली. काहून नेली, हे त्याला कोणी विचारलं नाही. कुत्री त्याच्याआधीच तिकडे गेली होती.

चुन्याचं ते पोतं मॅचसाठी नव्हतं म्हणून क्लबाने त्याचे पैसे दिले नाहीत. भट्टीचे पंचेचाळीस रुपये क्लबाकडे अजून बाकी आहेत.