स्कॉटलंडचा जिना आईने शोधला

मंडळी, आज दुपारी आचोळ्याच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये थेट स्कॉटलंडहून टाळ्या ऐकू आल्या!

मी घरून तिथल्या एका आर्किटेक्टसाठी नकाशे काढते. सध्या काम चालू आहे एका जुन्या, छप्पर गेलेल्या हवेलीचं. तिच्या आताच्या मालकीण मार्गारेटबाई; त्यांच्याच पणजोबांनी ती विकली होती. मग तिथे शाळा भरली, युद्धात जखमी सैनिक राहिले, नंतर कुणीच नाही. बाईंनी शहरातलं घर विकून ती परत घेतली. पण मूळचा जिना कुठे होता याचा पुरावा मिळेना, आणि त्याशिवाय नवा बांधायला परवानगी नव्हती.

गेल्या आठवड्यात मी भिंतींचे फोटो बघत होते. मागे भाजी निवडत बसलेली आई म्हणाली, "अगं, ही तिरकी रेघ बघ. शेजारची चाळ पाडली तेव्हा आपल्या भिंतीवर जिन्याची अशीच खूण राहिली होती."

मी ते लगेच आर्किटेक्टना कळवलं. आज त्यांनी तिथला गिलावा काढला, तर आत पायऱ्यांच्या खाचा, थेट वरपर्यंत! परवानगी देणारे साहेबही तिथेच होते. त्यांनी लगेच होकार दिला.

व्हिडिओ कॉलवर मार्गारेटबाई रडत रडत म्हणाल्या, "तुझ्या आईला बोलव."

आई पदर सावरत आली आणि मराठीतच म्हणाली, "कठडा मजबूत लावा हो. या वयात पडायला नको." मी ते इंग्रजीत सांगितलं, तशा तिकडून टाळ्याच टाळ्या!

नकाशात त्या जिन्याला आता आईचं नाव आहे: सुलोचना.

तुमच्या घरातल्या अशा इंजिनिअरचं नाव काय? सांगा बघू.