बाळ किल्ल्यावर ठेवलंय

आम्ही कुवेतला राहायचो. मी पहिली-दुसरीत असताना बाबांनी तिथल्या हवल्ली भागातल्या एका दुकानातून एका जुन्या इंग्रजी सिनेमाची डीव्हीडी आणली होती. एक शेतकरी, त्याची बायको आणि चार मुलं घरदार विकून कापडी छपराच्या गाडीत बसतात आणि तशाच वीस-पंचवीस गाड्यांच्या तांड्याबरोबर अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघतात, एवढीच गोष्ट. आम्ही ती किती वेळा पाहिली असेल सांगता येणार नाही. आमचं घर फिंतासमध्ये, आणि तिथे उन्हाळ्यात सुट्टीच्या शुक्रवारी दुपारी घराबाहेर पडून करण्यासारखं काही नसतं.

आईला इंग्रजी दुकानापुरतं यायचं. त्यामुळे बाबा सोफ्यावर मांडी घालून सगळ्यांचे संवाद मराठीत बोलायचे. शेतकऱ्याला नाशिककडचा आवाज, त्याच्या बायकोला बारीक, तक्रारखोर आवाज. तांड्याचा जो म्होरक्या होता त्याला ते ‘मुकादम’ म्हणायचे. नदी ओलांडताना गाडी जड होते आणि बायकोचं कपाट पाण्यात टाकावं लागतं, तो प्रसंग तर आईला पाठ होता.

“अहो, माझ्या आईनं दिलेलं शिसवी कपाट आहे ते!” बाबा बारीक आवाजात.

“मग तुझ्या आईला म्हणावं, ये आणि धर दुसरीकडून,” बाबाच, जाड्या आवाजात.

“माझ्या आईचं नाव कशाला मध्ये?” हे मात्र आमची आई खरंच म्हणायची, आणि मग दोघं हसायची.

कपाटानंतर थोड्या वेळानं शेतकऱ्याचं सगळ्यात लहान मूल आजारी पडतं. तिथे बाबा दर वेळी डीव्हीडी थांबवायचे. “इंटरव्हल! चहा टाक गं.” आई स्वयंपाकघरात गेली की ते रिमोटनं सिनेमा तीन-चार मिनिटं पुढे न्यायचे. ती ट्रे घेऊन आली की विचारायची, “बाळाचं काय झालं?”

“उतार पडला. वाटेत किल्ला लागला ना, तिथल्या डॉक्टरीणबाईकडे ठेवलंय. थंडी संपली की मागच्या तांड्याबरोबर येईल.”

सिनेमा संपून शेतकरी हिरव्या दरीत घर बांधायला लागला की आई पेले उचलता उचलता म्हणायची, “आता संपली असेल थंडी.”

त्या तीन-चार मिनिटांत काय होतं ते मला माहीत होतं. मी डीव्हीडी एकटीनं पाहिली होती. बाळ मरतं. शेतकरी वाटेतच खड्डा खणून त्याला पुरतो. मग लांडग्यांनी किंवा कुणी उकरू नये, खूणच राहू नये, म्हणून मुकादम सगळ्या गाड्या एकामागून एक त्या जागेवरून नेतो.

बाबा हे का लपवतात, तेही मला माहीत होतं. अकराव्या वर्षी शाळेसाठी पासपोर्टची प्रत शोधताना इकाम्याच्या, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याच्या फायलीत मला एक कागद सापडला होता. वर अरबी, खाली इंग्रजी. मुलगा, वय एकोणीस दिवस. खाली आई-बाबांची नावं. तारीख माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीची. आपल्यात एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते मी शाळेच्या कॉम्प्युटरवर शोधलं. कागद होता तसा परत ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही. न बोलणं मला तेव्हाही सोपं जायचं.

मी तेरा वर्षांची असताना माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्यांदाच आमच्या घरी आली. मला मैत्रिणी फारशा नव्हत्या. हिचं इंग्रजी टीव्हीवरच्यासारखं होतं, आणि तिच्यासमोर आमचं घर कसं दिसेल याची मी आठवडाभर काळजी केली होती. सोफ्यावरची चादर बदलली. आईला गाऊनऐवजी ड्रेस घालायला सांगितलं. तिनं घातला, कारण न विचारता. त्या शुक्रवारी वरच्या मजल्यावरच्या चाचीही खाली आल्या होत्या. त्या रत्नागिरीकडच्या, आईची इथली एकमेव खरी मैत्रीण. चाचींनीच आग्रह केला, “तो बैलगाडीवाला पिक्चर लावा हो. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय जुम्मा झाल्यासारखा वाटत नाही.”

मला नको होतं. पण बाबांना कोण थांबवणार? पाहुणे असले की त्यांचा मुकादम जास्तच ओरडायचा. माझी मैत्रीण आधी गोंधळली, मग गालातल्या गालात हसायला लागली. “तुझे बाबा काय करतायत?” तिनं इंग्रजीत विचारलं. मी म्हणाले, “गंमत.”

बाळ आजारी पडलं. बाबांनी सवयीनं “इंटरव्हल!” म्हटलं. आई उठायला लागली, तर चाचींनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. “तू बस गो. रोज तूच करतेस. आज चाय माझ्या हातची.” आणि त्या आत गेल्या.

आई बसून राहिली. बाबा रिमोट हातात घेऊन तसेच. मग त्यांनी पुढे नेण्याचं बटण दाबलं, तर मैत्रीण म्हणाली, “अंकल, मधलं का घालवताय?” बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. बटण सोडलं. पडद्यावर शेतकरी खणत होता. शेजारी एक लहानशी लाकडी पेटी.

“हे काय?” आईनं विचारलं.

बाबांनी घसा साफ केला. “सामान पुरतायत. गाडी जड झालीय ना. परत येताना काढून नेतील.”

“शहाणी माणसं,” आई म्हणाली. “ताटंवाट्या असतील.”

“काय म्हणाले ते?” मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं. मी सांगितलं. ती खुदकन हसली. “पण ते तर बाळ आहे! त्यांना इंग्रजी कळत नाही का?”

बाबा पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इंजिनियर होते. दिवसभर इंग्रजीतच बोलायचे. हे मी तिला सांगू शकले असते. गप्प बसू शकले असते, जे मला सगळ्यात चांगलं जमतं. पण माझ्या बाबांना इंग्रजी येत नाही असं तिनं घरी जाऊन सांगितलं तर, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. मी मोठ्यानं, मराठीत म्हणाले, “बाबा, चुकीचं काय सांगताय? सामान नाहीये ते. बाळ आहे. मेलंय ते.” आणि तेवढ्यावर थांबले नाही. शाळेत उत्तर पूर्ण द्यायची सवय. “आता बघ आई, सगळ्या गाड्या त्याच्यावरून नेणार. म्हणजे कुणालाच सापडायला नको.”

पहिली गाडी गेली. मग दुसरी.

“वरून?” आई म्हणाली.

बाबांनी टीव्ही बंद केला नाही. का नाही केला, मला अजून कळत नाही. गाड्या जातच राहिल्या.

“अहो,” आई हळू आवाजात म्हणाली, “आपल्या...” आणि माझ्या मैत्रिणीकडे पाहून थांबली. तेवढ्यात चाची ट्रे घेऊन आल्या. “काय गो, सगळी अशी गप का? साखर कमी पडेल म्हणून भिता काय?” आईनं उठून त्यांच्या हातातून ट्रे घेतला, सगळ्यांना चहा दिला, मैत्रिणीला बिस्किटं दिली. उरलेला सिनेमा आम्ही इंग्रजीतच पाहिला. माझ्या मनासारखंच झालं होतं.

संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. “तुला माहीत नव्हतं ना?” त्यांनी विचारलं.

प्रश्नातच उत्तर होतं, फक्त उचलायचं. “काय?” मी म्हणाले.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि मी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं ऐकलं. आई अजून हॉस्पिटलमध्येच होती. ते, ऑफिसातले एक सहकारी आणि हॉस्पिटलचा ड्रायव्हर, तिघं दफनभूमीत जाऊन बाळाला पुरून आले. आईला त्यांनी सांगितलं होतं की तिथे झाड आहे, डोक्याशी दगड आहे. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी रडले. ते रडणं खोटं नव्हतं, पण त्याचा उपयोग मी खोट्यासाठी केला. बाहेर जाऊन ते आईला म्हणाले, “पोरीला काय ठाऊक? तिला बोलू नकोस.” आई आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तुझा काय दोष त्यात? जेवायला चल.” मी जेवले. त्या दिवशी भेंडीची भाजी होती आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतली, हे मला लाज वाटावी इतकं स्पष्ट आठवतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी लवकर आई-बाबा गाडी घेऊन गेले. मला नेलं नाही. “तुझी युनिट टेस्ट आहे ना,” आई म्हणाली. ती पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिथे जात होती. मी पुस्तक उघडं ठेवून खिडकीतून पार्किंगकडे बघत बसले. ती दोघं अकराच्या सुमाराला परतली. आई सरळ बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ पाय धूत राहिली. बाबा दारातच उभे. कुणी न विचारता म्हणाले, “ओळीच्या ओळी आहेत तिथे. सगळ्यांना नंबर. मी तेव्हा नंबर लिहून घ्यायला हवा होता.”

झाड नव्हतं. दगड होते, पण आपला कुठला, ते बाबांना सांगता आलं नव्हतं.

आई त्यांच्याशी भांडली नाही. पण त्यानंतर महिनाभर ती त्यांच्याशी “वाढलंय” आणि “दार लावून घ्या” एवढंच बोलली. बाबा पुढे दुसरे सिनेमे लावायचे, मराठीच लावायचे. ते शांत बसून बघायचे. एकदा चाचींनी, “काय हो, मुकादम रिटायर झाला काय?” असं चिडवलं, तेव्हा ते हसले आणि पाणी प्यायला उठून गेले.

हे सगळं अजाणतेपणी झालं, असं आमच्या घरात धरलं गेलं. मीही तसंच सांगत आले, स्वतःलासुद्धा. आता मी सव्वीस वर्षांची आहे. इथेच एका ऑफिसात काम करते. बाबा या वर्षी निवृत्त झाले आणि दोघं कायमची नाशिकला निघाली आहेत. कार्गोवाल्याची खोकी हॉलभर पसरली आहेत. गेल्या आठवड्यात आई स्वयंपाकघरात स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होती, मी चिकटपट्टी कापून देत होते. ती म्हणाली, “तू इथे राहतेस तेच बरं. निदान घरातलं कुणीतरी असेल इथे.” मुलगी एकटी परदेशात राहते याबद्दल कुणाची आई असं म्हणत नाही. ती त्या नंबरांच्या ओळींतल्या बाळाबद्दल बोलतेय ते मला कळलं, आणि त्या कामासाठी ती मला निवडते आहे हे मला सोसेना.

“आई, मला माहीत होतं,” मी म्हणाले. “त्या दिवशी. बाबांनी सांगायच्या आधीपासून. फायलीतला कागद मी पाहिला होता.”

तिनं हातातला डबा पूर्ण गुंडाळला. कडा दुमडल्या.

“कधी?”

“दोन वर्षं आधी.”

“म्हणजे माहीत असून बोललीस.”

“हो.”

“त्या पोरीसमोर.”

“हो.”

मला वाटत होतं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिनं पुढचा डबा ओढला. बाहेर बाबा कार्गोवाल्याशी फोनवर हिंदीत वजनावरून वाद घालत होते. ती जरा वेळ त्यांचा आवाज ऐकत राहिली.

“ह्यांना सांगू नकोस,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुझ्या बाजूनं बोलले होते ते.”

मग तिनं पट्टीसाठी हात पुढे केला. मी कापून दिली.