मशीन चालू, बाळ गप्प

गल्लीत बातमी उठली की शिलाईवाल्या वहिनी सगळ्यांची कापडं घेऊन पसार झाल्या. आठवा महिना सरलेली बाई पळून पळून किती पळणार, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. मी खिडकीतून डोकावलो. कापडं जागच्या जागी होती. मशीनच्या सुईखाली माझीच पँट, एक पाय शिवलेला, दुसरा लोंबकळतोय. खरी हकीकत त्यांच्याकडूनच नंतर कळली.

नवरा बोटीवर, माहेर लांब. दिवसभर वहिनी बोलायच्या त्या पोटाशी.

"उत्तर तरी मिळतं का?" मी चिडवायचो.

"मिळतं ना भाऊजी. मशीन सुरू झालं की लाथ."

त्या दुपारी मशीन धडधडलं, पण लाथ आली नाही. वहिनी गार पाणी प्यायल्या, कुशीवर पडून राहिल्या, पुन्हा मशीन चालवलं. आत सामसूम. ना दुखणं, ना रक्ताचा थेंब. दुसरी म्हणाली असती, झोपलं असेल, सकाळी बघू. वहिनींनी कुलूप घातलं आणि एकट्याच दवाखाना गाठला.

तिथे पोटाला पट्टा बांधला. बाळाच्या ठोक्यांची रेघ कागदावर संथ, एकसारख्या लाटांसारखी उमटू लागली. डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या; धडधाकट बाळाची रेघ अशी गुळगुळीत नसते.

"बाळाचं रक्त वारेतून तुमच्या रक्तात जातंय बहुतेक. बाहेर काही दिसत नाही. बाळ आत्ताच काढावं लागेल. सोबत कोण आहे?"

"पोटातलं आहे ना," वहिनी म्हणाल्या आणि सही स्वतःच केली.

बाळ निघालं पांढरंफटक. त्याला लगेच रक्त चढवलं. वहिनींचं रक्त तपासलं, तर त्यात बाळाच्या पेशी सापडल्या. आईचा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह. म्हणून किती रक्त आलंय त्या अंदाजाने वहिनींना इंजेक्शनही दिलं. नाहीतर पुढच्या बाळाशी आईचंच रक्त भांडलं असतं.

बाळ काचेच्या पेटीत, वहिनी वरच्या मजल्यावर. आजूबाजूच्या खाटांशी पाहुण्यांची रीघ. वहिनींच्या खाटेजवळच्या स्टुलावर त्यांची पर्स बसलेली.

परवा त्या घरी आल्या. बाळ गुलाबी, पाय झाडत होतं. मी दारातूनच विचारलं, "वहिनी, एका पायाच्या पँटीत मी फिरू कसा? दुसरा पाय कधी?"

बाळावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "तुमचा दुसरा पाय कुठे पळत नाही, भाऊजी. आधी मला याच्या लाथा पोटभर खाऊ द्या."