धनश्री आणि सराईतली माणसं

धनश्री माळी आणि मी सुरतेत रिंगरोडवरच्या एका डिझाइन ऑफिसात शेजारी शेजारी बसायचो. साड्यांच्या किनारी, पदरावरचे बुट्टे कॉम्प्युटरवर काढायचं काम. ती फार बोलायची नाही. शेठ ओरडला तरी तिचा चेहरा हलायचा नाही आणि त्याने कौतुक केलं तरी नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं, "तुझं लग्न का नाही झालं गं?" तिने भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला, चावून संपवला आणि सांगायला लागली. पुढे बरेच दिवस, डबा उघडला की ती थोडं थोडं सांगत गेली. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तशा आवाजात.

तिचे वडील सुपडूभाऊ पारोळ्याकडचे. लूम चालवायला सुरतेला आले आणि तिथेच उधन्याला राहिले. आई धुरपदाबाई. धनश्री इथलीच. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि रस्त्यावर गुजराती, असं तिचं तीन जिभांचं बालपण. त्यांच्याच गल्लीत गायत्री राहायची. दोघी एका वर्गात शिकल्या आणि शाळा सुटल्यावर घरबसल्या साड्यांना टिकल्या लावायचं काम दोघींनी मिळून धरलं. एक साडी अंथरायची, एकीने या टोकाला बसायचं, दुसरीने त्या टोकाला. टिकल्या लावत लावत मधे यायचं. घरात कुणी नसलं की मधे आल्यावर साडी तशीच पडून राहायची.

"त्याला काय म्हणतात ते आम्हाला माहीत नव्हतं," धनश्री म्हणाली. "नाव नव्हतं, त्यामुळे ते संपलं तेव्हा काय संपलं तेही कुणाला सांगता आलं नाही."

सत्त्याण्णव साली गायत्रीचं लग्न झालं, बारडोलीला. हळदीत धनश्री नाचली. गायत्रीच्या मेंदीत बोटं घालून तिने मैत्रिणींना हसवलंसुद्धा. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गायत्री माहेरी आली. आमरस-पुरणपोळीचं जेवण झाल्यावर दोघी गच्चीवर बसल्या. गायत्री सासरचं सांगत होती. सासूला तिच्या हातची कढी आवडते, नवऱ्याला आवडत नाही. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "आपण लहान होतो गं तेव्हा."

"हो," धनश्री म्हणाली.

धनश्री घरी आली, भांडी घासली. त्या दिवसापासून तिला काही वाटेनासं झालं. पाय आखडून बसलं की मुंग्या येतात, तसंही नाही. मुंग्या आल्या असत्या तर निदान पाय आहे हे कळलं असतं.

टिकल्यांचं काम तिने सोडून दिलं. उधन्यात तेव्हा नवीनच एक सायबर कॅफे निघाला होता, भरतभाई नावाच्या माणसाचा. त्याला दिवसभर बसणारी एक मुलगी हवी होती. गिऱ्हाईक आलं की मशीन चालू करून द्यायचं, गेलं की बंद करायचं. सकाळी तिथे चिटपाखरू नसायचं. इंजिनिअरिंगची पोरं कॉलेज सुटल्यावर यायची.

त्यांतलाच एक जण एका संध्याकाळी मशीन तसंच चालू ठेवून निघून गेला. बंद करायला ती बसली, तर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं सरकत होती. तो एक खेळ होता. त्यात चित्र एकही नव्हतं. 'उत्तर' टाइप केलं की तुमचा माणूस उत्तरेला चालायचा आणि तिथे काय आहे ते अक्षरांत उमटायचं: नदी, लाकडी पूल, पडकं देऊळ. जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात फिरत असत. त्या पोराने आपल्या माणसाला जंगलाच्या वाटेवर पावसात सोडून दिलं होतं. तेवढ्यात एक ओळ आली. इंग्रजीत होती, ती तिने एकेक शब्द जुळवत वाचली. हेरॉन नावाचं कुणीतरी म्हणत होतं: "कधीचा भिजतोयस. आत ये ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःसाठी वेगळं नाव घेऊन खेळ उघडला. नाव घेतलं 'तापी'. पूल ओलांडून, हेरॉनने बोलावलं होतं त्या जागी गेली. ती वाटसरूंची एक सराई होती. आत चूल, बाकं, मागे तळं. दारावर पाटी होती. भरतभाईच्या टेबलावरची डिक्शनरी घेऊन तिने ती पाटी वाचून काढली. लिहिलं होतं की इथे पुरुषावर जीव असलेला पुरुष, बाईवर जीव असलेली बाई आणि या दोन्हींत न बसणारं कुणीही, आपलं ओझं खाली ठेवून बसू शकतं.

"मग तुला काय वाटलं?" मी विचारलं.

"काही नाही. मागच्या तळ्यावर गेले. तिथे गळ टाकता यायचा. मासा लागला नाही, असं उमटायचं. मग परत टाकायचा."

बरेच दिवस ती तेवढंच करत होती. सराईतली माणसं एकमेकांशी बोलायची, ती वाचायची. लांडगे मारायला, खजिना शोधायला ती सगळी जायची खरी, पण त्यांची निम्मी बडबड घरचीच असायची. हेरॉन कॅनडात कुठेशी बस चालवायची. तिकडे बर्फ, बसचं दार गोठलेलं, घरी बायकोचा गुडघा दुखतोय. 'माय वाइफ' वाचून धनश्रीला इतके दिवस हेरॉन पुरुष वाटत होता. एकदा हेरॉनने लिहिलं की घरात दोघीही बायकाच, त्यात ती आणि तिची बायको एकाच मापाचे बूट घालतात आणि त्यावरून सकाळी भांडण होतं. धनश्री गळ टाकायची थांबली. ती ओळ तिने परत वर सरकवून वाचली. बाई आणि बाई, एक घर, एक भांडण, एक दुखरा गुडघा. इतकं साधं.

पंडित नावाचा एक जणही सराईतलाच. तो अमरावतीचा शिक्षक, शाळा दुपारची म्हणून सकाळी तिकडच्या कॅफेत यायचा. खरं नाव त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. तापी सुरतेची आहे हे कळल्यावर त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "जेवली का?" ती पडद्याकडे बघत राहिली. मग लिहिलं, "हो. तुम्ही?"

तेव्हापासून रोज हेच. आज कशाची भाजी, आज लाइट गेली का, शाळेत साहेब आले होते. तिला ताप आला आणि ती चार-पाच दिवस दिसली नाही, तर परत आल्यावर सराईतल्या तिच्या खोलीत सूप, घोंगडी, औषधी मुळ्या असा ढीग पडलेला. सगळं अक्षरांचंच. हेरॉनने घोंगडी विणली होती, म्हणजे खेळात तसा बराच वेळ बसून काढला होता. धनश्रीने 'घोंगडी पांघर' टाइप केलं. 'तुला ऊब मिळते,' असं उमटलं. तिला ऊब मिळाली नाही, पण ती दिवसभर मधून मधून ते वाक्य वाचत होती.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर स्थळ आलं. चलथाणच्या साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर लिहायला बसणारा मुलगा, लखन बडगुजर. स्वभावाने गरीब, व्यसन नाही. बघायचा कार्यक्रम झाला. धनश्रीने चहा नेला, खाली मान घालून बसली, विचारलं तेवढं सांगितलं. मंडळी गेल्यावर धुरपदाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"पोऱ्या चांगला शे, माय. तुले आवडना ना?"

"तुम्हाला आवडला तर झालं."

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला तो हात केसांवर आहे हे कळत होतं, बस इतकंच.

दुसऱ्या दिवशी तिने सराईत लिहिलं, "काल मला बघून गेले. हो म्हणणार आहे."

हेरॉनने विचारलं, "तुला हवंय का ते?"

"माहीत नाही. मला काही वाटतच नाही. मग कुठेही राहिले तरी तेच ना."

मग पंडितने मराठीत लिहायला सुरुवात केली. त्याच्या ओळी तुटत तुटत येत होत्या.

"मीही असंच म्हणालो होतो. माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली. मी तिला मारत नाही, ओरडत नाही. पगार तिच्या हातात देतो. पहिलं वर्ष ती रोज विचारायची, माझं काय चुकतं? नवीन साडी नेसून यायची आणि विचारायची. आता विचारत नाही. आता ती माझ्यासारखीच झालीय. घरात दोन माणसं आहेत आणि दोघांनाही काही वाटत नाही. तापी, तुला वाटत नसेल. त्या मुलाला वाटतं की नाही, ते तुला ठाऊक आहे का?"

एक गिऱ्हाईक आलं, त्याला धनश्रीने मशीन लावून दिलं. परत येऊन बसली तर पंडितची आणखी एक ओळ होती: "हो म्हण किंवा नाही म्हण. मी इथेच आहे."

तिला रात्रभर झोप आली नाही वगैरे काही झालं नाही. झोप आली. फक्त सकाळी उठल्यावर तिला लखनची बोटं आठवली. चहाचा कप घेताना त्यांवर शाईचे डाग होते आणि ते लपवायला तो बोटं आत दुमडून घेत होता.

तिने सराईत सांगितलं की बुधवारी तिला आठवड्याची सुट्टी असते, तेव्हा ती चलथाणला जाऊन मुलाशी बोलणार आहे. पंडित म्हणाला, "एकटी?" ती म्हणाली, "दुसरं कोण आहे?" हेरॉनने सांगितलं की बोलायचं ते आधी इथे बोलून बघ. मग सगळ्यांसमोर तिने ते वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. सराईतल्या कुणी लखन होऊन तिला उलट प्रश्न विचारले. शेवटी पंडित म्हणाला, "मी त्या दिवशी शाळेत रजा टाकतो. तू परत येईपर्यंत सराईतून हलणार नाही."

उधन्याहून पॅसेंजरने ती चलथाणला उतरली. गळीत हंगाम चालू होता, ऊस भरलेल्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, हवेत मळीचा आंबूस वास. लखनला निरोप धाडला. तो धावतच बाहेर आला आणि तिला एकटीला बघून घाबरला.

"घरी सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. मला लग्न करायचं नाही. तुमच्याशी नाही असं नाही. कुठल्याच पुरुषाशी नाही."

तो ओशाळून इकडेतिकडे बघायला लागला. "दुसरा कोणी आहे का?"

"नाही. दुसरा नाही." मग ती सराईत घोकलेल्या वाक्यात नसलेलं बोलली. "एक मैत्रीण होती. तिचं लग्न झालं. माझ्यात तेवढंच होतं. तुम्ही चांगले आहात. तुम्ही रोज विचाराल, काय चुकलं म्हणून. माझ्याकडे उत्तर नसेल."

त्याला किती कळलं कोण जाणे. एका गाडीवानाने बैलांना हाक दिली तसा तो बाजूला झाला आणि तिलाही त्याने हाताने मागे घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही नाही म्हटलं तर घरचे मारतील?"

"मारणार नाहीत. रडतील."

"मग आमच्याकडून नकार कळवतो. मुलगी पसंत नाही म्हणून." मग तो म्हणाला, "तुमचं नाव खराब होईल पण."

"होऊ दे."

"चहा घेता का?"

ती नको म्हणाली. परतीच्या गाडीत तिला जागा मिळाली नाही, उभ्यानेच आली. कॅफेत पोचली तेव्हा भरतभाई म्हणाला, "आज तो तारी रजा छे ने?" ती मशीनपाशी बसली. सराईत पंडित होता. हेरॉनही होती, तिच्याकडे अजून उजाडायचं होतं आणि तिला बस घेऊन निघायचं होतं. आणखीही पाच-सहा जण बाकांवर बसलेले. नुसती नावं दिसत होती.

"सांगितलं," तिने लिहिलं.

"जेवली का?" पंडितने विचारलं.

चार दिवसांनी नकार आला. धुरपदाबाई ओट्याला टेकून रडल्या. "नकार वना, आनि तू रडस बी नही," असं म्हणून त्यांनी तिला गदागदा हलवलं. सुपडूभाऊ चपला घालून लूमवर निघून गेले, त्यांची पाळी नसताना. गल्लीत बोलणं झालं. आणखी दोन स्थळं आली. त्यांना तिने स्वतःच तोंडावर नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी वडील म्हणाले, "ऱ्हावू दे तिले." त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. आई आजही तिच्याशी कामापुरतंच बोलते. पण गरम भाकरी तिच्याच ताटात आधी पडते.

पंडितने त्या उन्हाळ्यात बायकोला खरं सांगितलं, की त्याचा जीव पुरुषांवरच जडतो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं," आणि ढसाढसा रडली. आता ती वर्ध्याला भावाकडे असते, बालवाडीत शिकवते. पंडितची आई त्याच्या हातचं पाणी पीत नाही. हे सगळं तो धनश्रीला मेलवर लिहितो, कारण नव्व्याण्णवच्या शेवटाला तो खेळ बंद झाला. चालवणाऱ्यांना परवडेना. शेवटच्या दिवशी सराईत सगळे जमले. हेरॉनने सगळ्यांचे पत्ते मागून घेतले आणि दुसरा एक तसलाच खेळ शोधून काढला. तिथे सराई नाही, डोंगरात एक गुहा आहे. कॅफेही बंद पडला, म्हणून धनश्री आमच्या ऑफिसात आली. रविवारी सकाळी ती रिंगरोडवरच्या दुसऱ्या कॅफेत जाऊन बसते.

हे सांगून झालं त्या दिवशी मी तिला विचारलं, "आता तरी बरं वाटतं का?"

तिने विचार केला. मला वाटतं खरंच विचार केला.

"हेरॉनच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे मंगळवारी," ती म्हणाली. "हेरॉन घाबरलीय. मी तिला म्हटलं, आम्ही सगळे गुहेत बसू तुझ्याबरोबर. मंगळवारी शेठकडे अर्धा दिवस मागायचाय. तू माझी ती निळी किनार पुरी करशील का?"

मी हो म्हटलं. तिने डबा धुतला, पदराला हात पुसले आणि मशीनपाशी जाऊन बसली.