तिसऱ्या पानावर नसलेलं वाक्य

चूक माझी आहे. आधी तेवढं लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून सगळे त्या विचित्र प्रकाराबद्दलच बोलतील आणि मी मधल्यामध्ये सुटेन. वडील गेले त्या दुपारी मी त्यांच्याजवळ नव्हतो... आणि होतो असं मी लिहिलं.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी औषधाच्या कंपनीत क्वालिटी तपासतो. नमुना, चाचणी, सही — एवढंच खरं मानणारा माणूस. या ग्रुपवरचे अनुभव वाचायचो तेही जेवल्यावर गंमत म्हणून.

गेल्या वर्षी, एक्कावन्नाव्या वर्षी, मी हैदराबादच्या एका विद्यापीठात शनिवारचा कोर्स घेतला. क्रिएटिव्ह नॉन-फिक्शन. म्हणजे घडलेलंच लिहायचं, पण गोष्टीसारखं वाचलं गेलं पाहिजे. मॅडमचा नियम एकच होता — जे घडलं नाही ते लिहायचं नाही.

माझे वडील, आप्पा, हैदराबादेतच काचीगुड्याला अक्काजवळ राहायचे. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. लग्न केलं नाही, शाळेत शिकवून रिटायर झाली, आप्पांचं सगळं तिनंच केलं. मी सिकंदराबादला, म्हणजे फार लांब नाही. तरी शेवटचे तीन आठवडे मी तिकडे फिरकलो नव्हतो. काम होतं... काम नेहमीच असतं. अक्काचा फोन आला तेव्हा आप्पा जाऊन अर्धा तास झाला होता. आणि त्याच संध्याकाळी, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी तिला म्हणालो, "तू वेळेवर कळवलं असतंस तर मला आप्पा भेटले असते."

ती उठून आलेल्यांना पाणी द्यायला लागली. नंतर जवळजवळ दोन वर्षं मी तिच्याशी कामापुरतंच बोललो.

सुतकाचे दिवस चालू असताना तिनं मावशीला सगळं सांगितलं होतं. चमच्यानं ओठ ओले केले, पाय गार पडत गेले तसे चोळत राहिले, आप्पा पंखा नको म्हणाले म्हणून पुठ्ठ्यानं वारा घातला. मी दारात उभा राहून ऐकलं होतं. कोर्समध्ये 'एक निरोप' असा विषय आला तेव्हा मी तेच लिहिलं. फक्त अक्काच्या जागी 'मी' घातलं. अक्का अख्ख्या लेखात कुठेच नव्हती. लेख इंग्रजीत होता, कारण वर्ग इंग्रजीत चालायचा. मॅडमना फार आवडला. विभागाच्या संग्रहात छापायचं ठरलं.

त्याआधी वर्गात वाचन झालं. दुसरा मजला, दुपारचे तीन, लांब टेबलाभोवती आम्ही दहाजण. पद्धत अशी की लेख दुसऱ्यानं वाचायचा आणि लेखकानं तोंड उघडायचं नाही. माझा लेख श्रावणीकडे आला. वरंगलची मुलगी, तेलुगू आणि इंग्रजी बोलणारी. मराठीचा गंध नाही. ती छान वाचत होती. तिसऱ्या पानावर, चमच्यानं पाणी पाजल्याच्या वाक्यानंतर, ती जरा थांबली आणि त्याच सुरात वाचलं —

"बाबू परसो आल्ता की. कशाला बोलवतीस. दमतंय लेकरू."

आणि पुढं इंग्रजी चालू.

बाबू म्हणजे मी. घराबाहेर हे नाव कुणालाच माहीत नाही. आणि 'परसो' हा आप्पांचा शब्द. हैदराबादेत काल सोडून मागचा कुठलाही दिवस परसो असतो. "परसो शाळेत असताना छडी खाल्ली होती" असं आप्पा ऐंशीव्या वर्षी सांगायचे.

नियमाप्रमाणे मी गप्प. वाचन संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "ते मराठी वाक्य लेखाचा जीव आहे. काढू नका." त्यांनी ऐकलं तसं ते समासात इंग्रजी अक्षरांत लिहूनही घेतलं होतं. त्या वाक्याखाली दोन रेघा.

मी दहाही प्रती पाहिल्या. वाक्य कुठेच नव्हतं. श्रावणीच्या प्रतीतही नाही. ती रडवेली झाली. "सर, होतं तिथं. स्पूनच्या वाक्याखाली. मी छापलेलं वाचलं."

रात्रभर, मग पुढचा आठवडाभर मी जुने ड्राफ्ट, मेल, फोनमधल्या नोंदी उपसल्या. कुठंतरी मीच टाईप करून पुसलं असेल, असं काहीतरी सापडावं म्हणून अक्षरशः भीक मागत होतो. काही नाही. रविवारी काचीगुड्याला गेलो.

अक्का अंबाडीची पानं खुडत बसली होती.

"या साहेब. वाट चुकलात का?" ती म्हणाली. "कॉलेजला जातोस म्हणे या वयात. डबा नेतोस की कँटीनला खातोस?"

"अक्का, आप्पा शेवटी काही बोलले होते?"

"आता कशाला रे ते?"

मी ते वाक्य म्हटलं, जसं ऐकलं तसं. तिचे हात थांबले.

"कोणी सांगितलं तुला?"

"तू मावशीला..."

"नाही. घरात आम्ही दोघंच होतो. हे मी कुण्णाला सांगितलं नाही. देवासमोर बसूनसुद्धा नाही." मग खुडलेली पानं बाजूला सारत म्हणाली, "सकाळीच फोन हातात घेतला होता मी. नको म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, तीन आठवडे झाले त्याला येऊन. तर तू आता म्हटलंस तेच म्हणाले."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस? मी सगळ्यांसमोर तुला..."

"काय सांगू? तुझी बाजू घेऊन गेले ते. आणि मी चारचौघांत तीन आठवडे मोजत बसू? हौला आहेस का, खुळ्या?"

मी पिशवीतून लेख काढला. मराठी करत करत तिला वाचून दाखवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"चांगलं लिहिलंस," ती म्हणाली. "फक्त मी कुठाय रे यात?"

चपला घालून जिना उतरलो... माफीसुद्धा न मागता. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि स्टेशनपर्यंत चालत जाऊन एका बाकावर तोंड झाकून बसलो.

लेख मी मागे घेतला. पुढच्या शनिवारी वर्गात उभं राहून का ते सांगितलं. समासात लिहिलेलं ते पान मॅडमनी मला दिलं. ते माझ्याकडे आहे. श्रावणीनं मराठी कधी ऐकलंच नव्हतं असं तिचे आईवडीलही सांगतात. ज्या वाक्याची मला माहिती नव्हती, जे अक्काशिवाय कुणी ऐकलं नव्हतं, ते तिच्या डोळ्यांना कुठून दिसलं... मला माहीत नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा. मी सुचेल ते सगळं करून थकलोय.

दुसऱ्या वर्षश्राद्धाला सगळे अक्काकडे जमले होते. काका, मावशी, आत्याची मुलं, त्या संध्याकाळी होते तेच सगळे. पानं मांडली गेली आणि मी उभा राहिलो.

"बाबू, नंतर बोल. भात गार होतोय," अक्का म्हणाली. तिला कळलं असावं.

मी बसलो नाही.

"अक्कानं वेळेवर कळवलं नाही, असं मी इथंच सगळ्यांसमोर म्हणालो होतो. ते खोटं होतं. तीन आठवडे मीच आलो नव्हतो. आप्पांजवळ शेवटपर्यंत ती होती, एकटी. अक्का, मी तुला आधी दोष दिला आणि मग तू केलेलं माझ्या नावावर लिहिलं. माझं चुकलं. मला माफ कर."