अँपिलॉग्रफीतला जोर

निफाडजवळच्या एका वाइनच्या द्राक्षबागेत पाहुण्यांना बाग दाखवायला माणूस हवा, अशी जाहिरात आली होती. माझ्या लेकीला ती नोकरी हवीच होती. शेतीची पदवी घेऊन वर्षभर घरी बसून ती कोमेजत चालली होती. मुलाखतीत बागेविषयी इंग्रजीत बोलायचं होतं. तयारी मी हातात घेतली.

तिच्या भाषणात एक शब्द होता, अँपिलॉग्रफी. द्राक्षांच्या जाती ओळखायचं शास्त्र. ती तो पाढे म्हटल्यासारखा म्हणायची, सगळ्या अक्षरांवर सारखाच भार. मी शब्दकोश उघडला. अँ, पि, लॉग, र, फी. पाच तुकडे, जोर तिसऱ्यावर. 'ग' आणि 'र' जोडून टाकायची आपली सवय तिथे चालत नाही. मग ओट्यावर चार मूग मांडले आणि बरोबर मध्ये एक काबुली चणा. माझ्या पोळ्या होईपर्यंत ती एकेका दाण्यावर बोट ठेवून म्हणत राहिली.

"आई, झोपेतही चणाच दिसणार आता."

"दिसू दे. जोर विसरू नकोस."

मुलाखतीला मी बाहेरच्या बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. तिने शब्द चोख म्हटला. लगेच मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी मोठ्या साहेबांचा आवाज आला, "बेटा, असं नाही. अँपिलोग्राफी. जोर पहिल्यावर. मराठी शाळा वाटतं?" बाकीचे दोघे हसले.

आणि माझी लेक म्हणाली, "सॉरी सर." वर त्यांच्यासारखं म्हणूनही दाखवलं!

स्कूटी सुरू करायच्या आधीच मी सुरू झाले. "सॉरी कशाबद्दल? चूक त्यांची होती!"

"मोठ्यांना उलट बोलू नये, कोण सांगतं घरी?"

"अगं, चूक दाखवणं म्हणजे उलट बोलणं नव्हे!"

"तिथे तेच असतं, आई."

आपल्याकडे हे असंच. माणूस मोठ्या खुर्चीत बसला की त्याचे उच्चारही आपोआप बरोबर होतात. शब्दकोश बघायची गरज फक्त समोरच्या मुलीला.

नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात मी जेवताना विचारलं, "तो शब्द कसा म्हणतेस?"

"साहेब जवळ असले की त्यांचा. नसले की आपला."

"आणि कुणी पाहुण्याने चूक काढली तर?"

"पाहुणे वाइन प्यायला येतात गं. तुझ्याएवढं कुणी ऐकत नाही."

ती खुशीत होती, पुन्हा भाजी वाढून घेत होती. मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. पण ज्याने तिचं विनाकारण हसं केलं, त्याच्यासमोर तिने रोज जाणूनबुजून चुकीचं बोलायचं, ही अट त्या जाहिरातीत कुठेही नव्हती.